डबा कुणाचा, आणि कधीपर्यंत?

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ असं वाक्य घेऊन येणारा एक तरी लेख आपल्या मराठी विभागात दरवर्षी असतोच. हा तो लेख नाही! हा लेख संगणकाच्या पोटातल्या दुसऱ्या संगणकाबद्दल, म्हणजे व्हर्च्युअल मशीनबद्दल आहे, आणि त्यातही एका छोट्याशा गोष्टीबद्दल. पाहुण्याच्या मेमरीबद्दल. ‘पाहुणा’ हा शब्द मी काही शोधून काढलेला नाही. व्हर्च्युअल मशीनला सगळीकडे गेस्टच म्हणतात, आणि ज्या खऱ्या मशीनवर ते चालतं त्याला होस्ट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे टेक्निकल शब्द मला इंग्रजीतच सुचतात. पण पाहुणा आणि यजमान म्हटलं की निम्मा विषय न सांगताच कळतो. पाहुण्याला आपण खोली मोकळी करून देतो, चहा-पाणी बघतो, पण कपाटाची किल्ली काही देत नाही.

आता आपल्याकडे हा विषय कसा होतो ते आठवा. व्हर्च्युअलबॉक्स इन्स्टॉल करा, त्यात उबंटू टाका, स्क्रीनशॉट काढा, जर्नलला चिकटवा, सही घ्या. व्हायवाला प्रश्न, ‘हायपरवायझरचे प्रकार किती?’ उत्तर, ‘सर, दोन.’ झालं! व्हर्च्युअल मेमरी एका युनिटमध्ये येते, डीएमए दुसऱ्याच विषयात, रेस कंडिशन तिसरीकडे. तिन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या पाठ करतो आणि वेगवेगळ्या विसरतो. पाहुण्याच्या मेमरीत मात्र ह्या तिन्ही एकाच वेळी एकाच जागी येऊन भेटतात, आणि तिथेच भल्याभल्यांच्या विकेट्स पडल्या आहेत. माझ्या मते खरा प्रश्न ‘प्रकार किती’ हा नाहीच. खरा प्रश्न आहे, ‘मेमरीचा हा तुकडा ह्या क्षणी कुणाचा, आणि कधीपर्यंत?’ तो आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

कुणी म्हणेल, आपल्याला काय करायचंय? मी कळमनुरीची. हिंगोलीहून नांदेडला जाताना लागतं ते तालुक्याचं गाव. आमच्याकडे क्लाऊड म्हटलं की माणसं आभाळाकडे बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण हळद आणि सोयाबीन त्याच्याच भरवशावर आहे. पण त्याच माणसांची कागदपत्रं आता दुसऱ्या क्लाऊडकडे निघाली आहेत. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी खात्यांसाठी सार्वजनिक क्लाऊडचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी १ मे पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्लाऊड केंद्रं सुरू केली. अशा केंद्रात एका खऱ्या मशीनवर अनेक पाहुणे एकाच वेळी राहतात. एकात बँकेचं काम चालू असेल, शेजारच्यात एखाद्याने क्रेडिट कार्ड टाकून तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं मशीन असेल. दोघांच्या मधली भिंत विटांची नाही. ती कोडची आहे!

आणि ती भिंत कशी असते ते ऐका. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाचा बग जाहीर झाला. क्राऊडस्ट्राइक कंपनीच्या जेसन गेफनर ह्यांनी तो शोधला. बग कुठे होता? क्यूएमू नावाच्या प्रोग्रॅममधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये! आपल्यापैकी किती जणांनी फ्लॉपी हातात धरली आहे? मी तर ‘सेव्ह’च्या बटणावरच पाहिली. तो कोड २००४ पासून तसाच पडून होता, आणि पाहुण्याला फ्लॉपी दिलेली नसली तरी झेन आणि क्यूएमूमध्ये तिथपर्यंत पोहोचता येत होतं. म्हणजे पाहुण्याने आतून नीट ठरवून चुकीचा डेटा पाठवला की यजमानाच्या घरात शिरायची वाट मोकळी.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पाहुण्याची मेमरी म्हणजे नक्की काय? लिनक्समध्ये केव्हीएम २००७ साली २.६.२० ह्या आवृत्तीत आलं. त्याच्या जोडीला क्यूएमूसारखा एक साधा प्रोसेस असतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून, समजा, चार जीबीचा पट्टा मागून घेतो आणि केव्हीएमला सांगतो, ‘हा पट्टा पाहुण्याला त्याची रॅम म्हणून दाखव.’ पाहुण्याला वाटतं, शून्य पत्त्यापासून सगळी रॅम आपलीच. प्रत्यक्षात ती यजमानाकडच्या एका प्रोसेसच्या पोटातली जागा असते. एकाच खोलीच्या दोन किल्ल्या, आणि दोन्ही एकाच वेळी वापरात.

पाहुण्याला डिस्कवरून काही वाचायचं असेल तर तो मेमरीतल्या एका रिंगमध्ये चिठ्ठी लिहितो : अमुक पत्त्यावर चार केबी आणून टाक. मग घंटी वाजवतो. यजमान चिठ्ठी वाचतो, पाहुण्याचा पत्ता आपल्या पत्त्यात बदलून घेतो, डिस्कला काम सांगतो, आणि डेटा आला की दुसऱ्या रिंगमध्ये ‘झालं’ असं लिहून पाहुण्याला उठवतो. व्हर्टआयओ म्हणतात ते हेच. आता डिस्क तर मंद. यजमान प्रत्येक चिठ्ठीसाठी हात बांधून उभा राहिला तर सगळंच थांबेल. म्हणून काम असिंक्रोनस करायचं, म्हणजे सांगून मोकळं व्हायचं, झालं की निरोप येईल. लिनक्समध्ये २०१९ साली ५.१ ह्या आवृत्तीत जेन्स ॲक्सबो ह्यांचं आयओ-यूरिंग आलं आणि हे काम फारच वेगवान झालं. पण सांगणं आणि निरोप येणं ह्यांच्यामध्ये जो वेळ जातो ना, सगळी गडबड त्या वेळात होते.

हे मला सगळ्यात चांगलं कळलं ते पिठाच्या गिरणीवरून. हसू नका! आमच्याकडे दळण टाकायला गेलं आणि लाईट गेलेली असली, किंवा रांग मोठी असली, की कुणी तिथे बसून राहत नाही. डबा रांगेत ठेवायचा, ‘दादा, ज्वारी आहे, बारीक दळा’ असं सांगायचं आणि घरी जायचं. लाईट आली की गिरणीवाला धान्य वर ओततो आणि तोच डबा खाली पिठासाठी लावतो. हे शुद्ध असिंक्रोनस आयओ आहे. डबा म्हणजे बफर, गिरणीवाला म्हणजे कर्नल, आणि संध्याकाळी ‘ताई, दळण झालंय’ असा निरोप येतो ते म्हणजे कम्प्लिशन.

आता समजा गिरणीवाल्याने ज्वारीचं वजन केलं, पाच किलो. त्याने वहीत पैसे लिहायला मान वळवली आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाने डब्यात आणखी दोन किलो टाकले. पैसे पाच किलोचे, दळण सात किलोचं. इथे दोन किलोचं नुकसान, पण मेमरीत नुकसान कितीचंही होऊ शकतं. यजमानाचा कोड चिठ्ठीतला आकडा वाचतो : लांबी चार हजारांच्या आत आहे ना? आहे. मग कॉपी करायला तोच आकडा पाहुण्याच्या मेमरीतून पुन्हा वाचतो. ह्या दोन वाचनांच्या मध्ये पाहुण्याच्या दुसऱ्या सीपीयूने आकडा बदलून चाळीस हजार केला तर? तपासणी झाली एका आकड्याची, काम झालं दुसऱ्याच आकड्याने. ह्याला डबल फेच म्हणतात.

ही पुस्तकी भीती नाही. डिसेंबर २०१५ मध्ये झेन प्रकल्पाने एक्सएसए-१५५ ही सूचना काढली, तिचा विषय नेमका हाच होता. त्यातली गंमत अशी की काही ठिकाणी कोडमध्ये वाचन एकदाच लिहिलं होतं! साधं स्विच स्टेटमेंट. पण कंपायलरने ऑप्टिमायझेशन करताना तोच आकडा मेमरीतून दोनदा वाचणारं मशीन कोड बनवलं, एकदा मर्यादा तपासायला आणि एकदा उडी मारायला. कंपायलरला काय माहीत की पलीकडे पाहुणा बसलाय? त्याने सी भाषेच्या नियमांत बसेल तेच केलं. म्हणून अशा जागी ‘हे एकदाच वाच’ असं कंपायलरला बजावून सांगावं लागतं.

पुढे २०२१ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या फेलिक्स विल्हेल्म ह्यांनी (एक्सएसए-१५५ मागेही तेच होते) खुद्द केव्हीएममध्ये असाच बग दाखवला, सीव्हीई-२०२१-२९६५७. एएमडी प्रोसेसरवर पाहुण्याच्या पोटात आणखी एक पाहुणा चालवायची सोय असते. त्यासाठी बाहेरचा पाहुणा आपल्या मेमरीत एक कंट्रोल ब्लॉक भरून देतो. केव्हीएम तो ब्लॉक आधी जागेवरच तपासत होतं आणि मग त्यातली माहिती उचलत होतं. मधल्या फटीत पाहुणा ब्लॉक बदलत होता. त्या फटीतून थेट यजमानापर्यंत पोहोचता आलं, तेही क्यूएमूसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅममधला कुठलाही बग न वापरता. दुरुस्ती काय केली असेल? आधी माहिती उचला, मग उचललेली माहिती तपासा. क्रम बदलला, बस्स! गिरणीच्या भाषेत, वजन झालेलं धान्य आधी आपल्या टोपल्यात ओतून घ्या.

पण ओतून घेण्याची युक्ती छोट्या चिठ्ठीला चालते. मोठ्या डेटाला प्रत्येक वेळी कॉपी केली तर आयओ-यूरिंग वापरून जो वेग मिळवला तो इथेच खर्च होतो. म्हणून डेटा सरळ पाहुण्याच्या मेमरीतच टाकायचा असतो, आणि इथून गिरणीची दुसरी भानगड सुरू होते. ती मला पहिलीपेक्षा जास्त भयंकर वाटते.

तुम्ही डबा ठेवून गेलात. लाईट काही येईना. कंटाळून घरच्यांनी डबा परत आणला, पण धान्य आधीच वर ओतलेलं होतं. डब्याची जागा रिकामी दिसली म्हणून मागच्या काकूंनी त्यांचा डबा तिथे सरकवला. लाईट आली. गिरणीवाल्याच्या हिशेबाने ‘त्या जागेवरचा डबा’ तुमचा. तुमच्या ज्वारीचं पीठ काकूंच्या गव्हाच्या डब्यात! आता हेच मशीनमध्ये. यजमानाने डिस्कला सांगितलं की अमुक पत्त्यावर डेटा टाक. डेटा यायच्या आत पाहुण्याची ती मेमरी काढून घेतली गेली. अशा वेळा पुष्कळ येतात : चालू मशीनची रॅम कमी केली, डिव्हाइस रीसेट झालं, पाहुणाच बंद पडला. पत्ता मोकळा झाला, ऑपरेटिंग सिस्टिमने तो दुसऱ्या कामाला दिला. आणि मग डिस्क आपलं काम इमानदारीत पूर्ण करते. सगळे आपापल्या जागी प्रामाणिक, आणि डेटा मात्र भलत्याच ठिकाणी.

क्यूएमूमध्ये ह्यावर उपाय असा आहे की असिंक्रोनस कामासाठी मेमरी मॅप केली की त्या भागाचा रेफरन्स काउंट एकाने वाढतो, आणि काम संपून अनमॅप केल्यावरच तो कमी होतो. मधे कुणी कितीही ‘काढा’ म्हटलं तरी तो तुकडा जागेवरून हलत नाही. ऐकायला किती सोपं! पण प्रत्येक डिव्हाइसच्या प्रत्येक रस्त्यावर, एररच्या रस्त्यावरसुद्धा, हा हिशेब जुळवायचा तर माणसाची परीक्षाच असते.

‘मग रस्ट वापरा ना!’ मला माहीत होतं कुणीतरी हे म्हणणार. आपल्याकडे सध्या ही फॅशनच झाली आहे. रस्ट माझीही आवडती भाषा आहे, आणि ह्या क्षेत्रात ती खरंच आली आहे. ॲमेझॉनचं २०१८ मध्ये जाहीर झालेलं फायरक्रॅकर रस्टमध्ये आहे, गूगलचं क्रॉसव्हीएम रस्टमध्ये आहे. पण ‘रस्ट आलं, मेमरीची काळजी मिटली’ हे मला अजिबात पटत नाही, निदान पाहुण्याच्या मेमरीबाबत तरी नाही. रस्टचा सगळा डोलारा एका वचनावर उभा आहे : एखादी जागा बदलण्याचा हक्क एकाला दिला, तर तेवढ्या वेळात दुसरा कुणी तिला हात लावणार नाही. हे वचन कंपायलर तपासतो. पण पाहुणा त्या कंपायलरच्या हाताखालून गेलेलाच नाही! त्याच्यात विंडोज चालत असेल, नाहीतर कुणा हॅकरने लिहिलेलं काहीही. तो वाटेल तेव्हा लिहिणार. म्हणून पाहुण्याच्या मेमरीचा साधा रेफरन्स घेणं हेच रस्टमध्ये खोटं वचन देण्यासारखं आहे. त्यामुळे रस्ट-व्हीएमएम प्रकल्पाच्या व्हीएम-मेमरी लायब्ररीत त्या मेमरीला हात लावायचा तो ‘व्होलटाइल’ तुकड्यांच्या मार्फत. म्हणजे कंपायलरला आधीच सांगून ठेवायचं की ही जागा आपल्या एकट्याची नाही, इथे काहीही गृहीत धरू नकोस.

आणि असिंक्रोनस म्हटलं की आणखी एक खड्डा. रस्टमध्ये असिंक-अवेट २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पक्कं झालं. त्यात चालू असलेलं काम, ज्याला फ्यूचर म्हणतात, अर्ध्यात टाकून देणं पूर्णपणे कायदेशीर आहे. टाइमआउट झाला, टाकून दिलं. भाषेच्या दृष्टीने विषय संपला. पण कर्नलला कुणी सांगितलं? त्याच्याकडे पत्ता आहे, तो लिहिणारच. बरं, कर्नलला ‘रद्द कर’ असं सांगता येतं, पण तेही एक वेगळं काम आहे आणि त्याचंही उत्तर नंतर येतं. कधी कधी उत्तर असं येतं की काम सुरू झालंय, आता ते थांबेल किंवा थांबणारही नाही! गिरणीवाल्याला रस्त्यावरून ओरडून ‘दादा, राहू द्या’ म्हटलं म्हणून धान्य वरून परत खाली येत नाही. रद्द करायला सांगणं आणि रद्द होणं ह्यात फरक आहे, हे एक वाक्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापायला हवं असं माझं मत आहे.

साध्या प्रोग्रॅममध्ये ह्यावर उपाय आहे. बफरची मालकीच कामाला देऊन टाकायची आणि काम संपल्यावर परत घ्यायची. टोकिओ-यूरिंग असंच करतं. पण पाहुण्याच्या मेमरीची मालकी देणार कशी? ती तर पाहुणा वापरतोय. म्हणून क्रॉसव्हीएमसारख्या ठिकाणी वेगळा मार्ग घेतला आहे. चालू असलेलं काम त्या मेमरीच्या मालकीतला एक वाटा स्वतःकडे धरून ठेवतं. बाकी सगळ्यांनी आपापला वाटा सोडला तरी हा एक वाटा जिवंत आहे तोवर जागा मोकळी होत नाही, आणि तो सुटतो फक्त कर्नलचं ‘झालं’ आल्यावर. पाहुणा मधेच त्या जागेवर काही खरडेल, तर खरडो. त्याचा त्याचा डेटा खराब होईल. शेजाऱ्याचा होणार नाही. माझ्या मते सुरक्षितपणाची व्याख्या हीच हवी. पाहुण्याने स्वतःच्या खोलीत पसारा केला तर तो त्याचा प्रश्न, तो पसारा भिंतीपलीकडे जाता कामा नये.

कर्नलमधले लोकही ह्या बाबतीत धास्तावलेले आहेत. गूगलने २०२३ मध्ये सांगितलं की कर्नलमधल्या त्रुटी शोधण्यासाठी त्यांनी ठेवलेल्या बक्षीस योजनेत आलेल्या प्रवेशिकांपैकी ६० टक्के प्रवेशिका आयओ-यूरिंगचा फायदा घेणाऱ्या होत्या. मग त्यांनी क्रोमओएसमध्ये आणि स्वतःच्या सर्व्हरवर ते बंद केलं. वेगाची किंमत कुणालातरी मोजावी लागतेच.

लाइव्ह मायग्रेशनबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण अख्ख्या विषयात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. चालू असलेला पाहुणा एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर हलवायचा, आणि त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही! म्हणजे धावत्या एसटीतून पॅसेंजरला झोपेतच दुसऱ्या एसटीत ठेवण्यासारखं. ह्यात आधी सगळी मेमरी कॉपी करतात. तोवर पाहुण्याने काही पानं बदललेली असतात, ती पुन्हा कॉपी करतात. असं करत करत शेवटी क्षणभर थांबवून उरलेली पानं नेतात. कुठली पानं बदलली ह्याची नोंद केव्हीएम ठेवतं. पण कुणी बदललेली? पाहुण्याच्या सीपीयूने बदललेली! यजमानाच्या बाजूने, म्हणजे आपल्या असिंक्रोनस डिस्कच्या कामाने जी पानं बदलली, ती केव्हीएमच्या नोंदीत आपोआप येत नाहीत. ती नोंद यजमानाच्या प्रोग्रॅमने स्वतः करायची असते. विसरलं, तर पाहुणा नव्या मशीनवर सुखरूप पोहोचतो, हसत-खेळत चालतो, आणि त्याच्या मेमरीतलं एखादं पान जुनं असतं. क्रॅश नाही, एरर नाही. म्हणूनच स्नॅपशॉट किंवा शेवटचं थांबणं ह्याच्या आधी अधांतरी असलेली सगळी कामं संपवून घ्यावी लागतात.

आणि ही नोंद ठेवणाऱ्या कोडमध्येच बग असला तर? तेही झालंय. सप्टेंबर २०१९ मध्ये टेन्सेंटच्या ब्लेड टीमने लिनक्सच्या व्हीहोस्टमधला सीव्हीई-२०१९-१४८३५ उघड केला. मायग्रेशन चालू असताना पाहुण्याने चुकीच्या लांबीच्या चिठ्ठ्या दिल्या की नोंदवहीच तिच्या कडेबाहेर लिहिली जायची. राखणदारानेच कुंपण ओलांडावं तसं!

माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की, ‘हे सगळं ठीक आहे गं, पण आपण कुठे हायपरवायझर लिहिणार आहोत? आपण वेब नाहीतर एआय करणार.’ मला हे पटत नाही. तिने मागच्या सेमला जीपीयूवर प्रोजेक्ट केला. त्यात मेमरीतून जीपीयूकडे डेटा पाठवायचा असिंक्रोनस कॉल असतो. तो कॉल लगेच परत येतो आणि कॉपी मागे चालूच राहते. तेवढ्यात त्याच बफरमध्ये पुढची बॅच भरली तर मॉडेलला अर्धा जुना, अर्धा नवा डेटा मिळतो, आणि आपण म्हणतो, ‘ॲक्युरसी का येत नाही?’ डबा तोच, गिरणी वेगळी.

अर्थात, दुसरी बाजूही आहे. सगळीकडे कॉपी करा, वेग गेला तरी चालेल, असं मानणारेही आहेत, आणि ते काही अडाणी नाहीत. आता तर एएमडीच्या एसईव्ही आणि इंटेलच्या टीडीएक्ससारख्या तंत्रांत पाहुणाच यजमानावर विश्वास ठेवत नाही! पाहुण्याची मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते, आणि देवाणघेवाणीपुरती एक वेगळी उघडी जागा ठेवलेली असते. म्हणजे उंबरठ्यावर टेबल मांडून तिथूनच सगळं घ्यायचं-द्यायचं, कॉपी करूनच. तिथे चिठ्ठी एकदाच वाचण्याची खबरदारी पाहुण्यालाही घ्यावी लागते. हे उलट-सुलट नातं आपल्या अभ्यासक्रमात यायला किती वर्षं लागतील कोण जाणे!

तोवर आपण वाट बघत बसायचं का? मला वाटतं, व्हर्च्युअलबॉक्सच्या स्क्रीनशॉटऐवजी दोन छोटी प्रॅक्टिकल्स घेता येतील. पहिलं डबल फेचचं. दोन थ्रेड्स, एक सामाईक आकडा. एक थ्रेड तो आकडा सतत १६ आणि ४०९६ असा बदलत राहील, दुसरा आधी तपासेल आणि मग वापरेल. तपासणी चुकवून आकडा किती वेळा आत शिरला ते मोजायचं. मग आधी कॉपी करून तपासायचं आणि पुन्हा मोजायचं. ह्याला हायपरवायझरसुद्धा लागत नाही. हे चांगलं, कारण लॅबमधल्या बऱ्याच पीसींवर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंदच आहे आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

दुसरं मला जास्त प्रिय. एक पाइप उघडायचा. आयओ-यूरिंगला सांगायचं, ह्या पाइपमधून वाचून ह्या बफरमध्ये टाक. पाइपमध्ये अजून काहीच नाही, त्यामुळे काम अधांतरी राहतं. आता तो बफर फ्री करायचा आणि लगेच तेवढ्याच आकाराचा दुसरा मागायचा. बहुतेक वेळा तोच पत्ता परत मिळतो. त्यात स्वतःचं नाव लिहायचं. मग पाइपच्या दुसऱ्या टोकातून काहीतरी पाठवायचं आणि आपलं नाव प्रिंट करून बघायचं. ॲड्रेस सॅनिटायझर लावून बघितलं तरी तो ह्यावर ओरडत नाही, कारण लिहिणारा आपला प्रोग्रॅम नाही, कर्नल आहे.

साठ-सत्तर ओळींचा कोड आहे. ज्यांना करून बघायचंय त्यांनी शनिवारी दुपारी लॅबमध्ये या. लायब्ररी मी पेनड्राइव्हवर आणते, तिथलं नेट काही भरवशाचं नाही.